आमच्या पेटीतला नागराज

आज बचतीचं, कर्जाचं काही सांगायला आलो नाही. म्हणजे शेवटी तिथंच येऊ, पण आधी थोडी गंमत ऐका.

दसऱ्याच्या आधीची गोष्ट. आमच्याकडे एक नवी वस्ती आली आहे, तिथल्या गटाची पहिलीच बैठक होती. पैसे गोळा होत होते. एकीचा नातू मोबाइलवर स्पायडरमॅन बघत बसला होता आणि आज्जी त्याला बडबडत होती, "काय त्या कोळ्याचं बघतोस दिवसभर!" आम्हाला हसू आलं. सहज विचारलं, "बायांनो, नागराज ठाऊक आहे का कुणाला?" थोरल्या बायकांना वाटलं नागपंचमीचं काही आहे. एकीनं तर हात जोडले. मागं भिंतीला टेकून बसलेली एक मात्र पदर तोंडाला लावून हसली आणि म्हणाली, "त्याच्या मनगटातून साप निघायचे, ताई."

ती कोण, ते पुढं सांगतो.

तर नागराज. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. दिल्लीहून राज कॉमिक्स नावाची चित्रांची पुस्तकं हिंदीत निघायची. १९८६ साली त्यांनी नागराज आणला. हिरव्या अंगाचा, अंगात हजारो साप असलेला. त्याची सुरुवातीच्या काळातली बरीच चित्रं आपल्या पुण्याच्या प्रताप मुळीक यांनी काढलेली, हे आम्हाला फार उशिरा कळलं. पुढच्याच वर्षी सुपर कमांडो ध्रुव आला, तो अनुपम सिन्हा यांचा. मग मुंबईत राहणारा, कुत्र्याचा मुखवटा घालणारा डोगा. आमच्या मामाच्या पिढीला हे असलं मराठीत मिळायचं, इंद्रजाल कॉमिक्समधून. त्यातला वेताळ मामाला अजून आठवतो. पण ते १९९० ला बंद पडलं. आम्ही वाचायला लागलो तोवर जे होतं ते हिंदीत.

आणि हिंदी आम्हाला कुठं येत होतं? शाळेत पाचवीला सुरू झालं तेवढंच. डोगाला कुस्ती-कसरत शिकवणारे चार चाचा होते. त्यांची नावं अदरक चाचा, हल्दी चाचा, धनिया चाचा आणि कालीमिर्च चाचा. म्हणजे आपलं आलं, हळद, धने, मिरे! सगळा मसाल्याचा डबाच. या चाचांनी डोगाला ‘शिक्षा’ दिली असं आम्ही वाचलं आणि आम्हाला वाटलं, चौघांनी मिळून पोराला बदडला. त्याची कीव करत आम्ही दोन दिवस काढले. हिंदीत शिक्षा म्हणजे शिकवण, हे मास्तरांना विचारल्यावर कळलं. आमचं हिंदी असं सुधारलं.

घरात मुलींनी असलं काही वाचणं चालत नव्हतं. "वाचायचं तर शाळेचं वाचा, नाहीतर भांडी घासा." पण नागराजच्या गोष्टीत गोरखनाथ येतात. दुष्ट माणसाच्या तावडीतून ते नागराजला सोडवतात आणि चांगल्या मार्गाला लावतात. हे आम्ही आज्जीला मोठ्यानं वाचून दाखवलं. आमचा भाग नाथांना मानणारा. गोरखनाथांचं नाव कानावर पडताच आज्जीनं जपमाळ थांबवली आणि "पुढं वाच गं" म्हणाली. त्या दिवसापासून नागराजला आमच्या घरात नवनाथाच्या पोथीचा मान. डोगाला मात्र नाही. डोगा आम्ही गोठ्यातच वाचला.

आम्ही पाचजणी होतो. एकाच आळीतल्या, पाचवी-सहावीच्या. तालुक्याच्या एस.टी. स्टँडवर एक पुस्तकांचा गाळा होता. साधा अंक आठ-दहा रुपयांना, जाडा विशेषांक सोळा-वीसला. एकटीची ऐपत नव्हती. म्हणून दर शनिवारी प्रत्येकीनं पन्नास पैसे काढायचे ठरलं. उन्हाळ्यात लिंबोळ्या वेचून विकायच्या, चिंचा फोडून चिंचोके विकायचे. शंभर पानी वहीत पाच नावं, तारखा, जमा, खर्च. मैत्रिणींनो, त्या वयात बचत गट हा शब्द आम्हाला माहीत नव्हता, पण वही अगदी अशीच होती! अंक आणायला एकीच्या भावाला पाठवायचो, कारण स्टँडवर पोरगी अशी पुस्तकं चाळत उभी राहिली तर संध्याकाळी गावात चर्चा. भावाची दलाली एकच, पहिल्यांदा तो वाचणार. तो येताना एस.टी.तच वाचून संपवायचा आणि मेला शेवट सांगून टाकायचा.

अंक ठेवायला एक जुनी पत्र्याची पेटी होती. नियम कडक. हात धुऊन वाचायचं. बोटाला थुंकी लावून पान उलटायचं नाही. कोपरा दुमडायचा नाही. एक अंक एकीकडे दोन रात्री, तिसऱ्या सकाळी पेटीत.

आवडीवरून भांडणं व्हायची. आम्हा चौघींना नागराज. ध्रुवच्या बहिणीसाठीही आम्ही भांडायचो. ती श्वेता, घरात साधी बहीण आणि बाहेर चंडिका होऊन गुंडांना लोळवणारी, आणि भावाला पत्ताच नाही. खेळताना चंडिका कोण होणार यावरून एकदा वेण्या ओढून झाल्या. पुढं शक्ती म्हणूनही एक आली. चंदा नावाची बाई, संकटातल्या बाईची हाक ऐकून धावून जाणारी. तोवर आमची पेटी बंद झाली होती, तिचे दोन-तीनच अंक कसेबसे वाचायला मिळाले.

पाचवीला मात्र ध्रुवच हवा असायचा. आम्ही तिला चिडवायचो की त्याच्याकडं काही शक्तीच नाही, ना साप, ना विष, नुसती अक्कल आणि मोटारसायकल. ती म्हणायची, "म्हणूनच." ध्रुव सर्कशीत जन्मलेला. सर्कस आज या गावाला, उद्या त्या. तिला ते पटत असावं. तिचे आई-वडील ऊसतोडीला जायचे. दसरा झाला की मुकादमाची उचल घेतलेली, ट्रकवर भांडी, शेळी, पोरं, सगळा संसार चढायचा आणि पार खाली कारखान्यावर. परत येणं पाडव्याच्या पुढं-मागं. आधी ती आज्जीजवळ मागं राहायची. सहावीच्या वर्षी आज्जी वारली आणि धाकट्या भावाला सांभाळायला तिलाही जावं लागलं.

त्याच सुमारास आम्ही सात आठवडे पैसे साठवून एक जाडा विशेषांक आणला होता. नागराज आणि ध्रुव दोघं एकत्र असलेला. अजून तिघींचा वाचून व्हायचा होता. तिचा ट्रक गेला आणि दुसऱ्या दिवशी पेटी उघडली, तर अंक नाही.

काय बोललो नाही आम्ही! चोर म्हणालो. "ह्यांचं असंच असतं" म्हणालो. हे वाक्य आम्ही मोठ्या माणसांकडून ऐकलेलं होतं, ते तोंडात आयतंच होतं. वहीत तिच्या नावावर आडवी रेघ मारली आणि पुढं लिहिलं, ‘नाव कमी केले’.

खरी गोष्ट अशी की ती विचारून गेली होती. ट्रकमध्ये सामान चढत असताना, दिवेलागणीला, वही जिच्याकडे असायची तिच्या दारात ती येऊन म्हणाली होती, "एकच नेते. सहा महिने काहीच वाचायला नसतं तिथं." आणि वहीवालीनं "ने" म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी बाकीच्या तिघी चिडल्या तेव्हा वहीवाली गप्प बसली. आपल्यावर येईल म्हणून. रेघही तिनंच मारली.

मैत्रिणींनो, ती वहीवाली आज तुमच्याशी बोलते आहे.

पाडव्यानंतर ती परत आली. तिसऱ्या सकाळी अंक पेटीत यायला हवा होता, तो सहा महिन्यांनी आला. पण खताच्या गोणीच्या आतलं प्लास्टिक कापून तिनं त्याला नीट वेष्टन घातलं होतं. थंडीतल्या दवानं पानं फुगली होती, चुलीच्या धुराचा वास येत होता, पण एकही पान दुमडलेलं नव्हतं. कोप्यांवरच्या पोरांना ती रात्री चुलीच्या उजेडात वाचून दाखवायची म्हणे, हिंदीचं मराठी करून. आणि रुमालाच्या गाठीत बारा रुपये होते. चोवीस शनिवारांचे, पन्नास पैशांप्रमाणे. वाढं विकून तिनं ते जमवले होते. वाढं म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, जनावरांसाठी विकतात, आमच्या बऱ्याच श्रोत्यांना हे सांगायला नको.

आम्ही अंक घेतला. बारा रुपये घेतले. पेटीतला दुसरा अंक मात्र तिला दिला नाही. तिनं वहीतली रेघ बघितली. काही बोलली नाही. "मी विचारून नेला होता" हे सुद्धा नाही. वहीवालीकडं तिनं एकदा बघितलं, बस्स.

पुढच्या वर्षी ती शाळेत आली नाही. त्यानंतर दोन-तीन वर्षांत तिचं लग्न झाल्याचं ऐकलं. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे परत तोच ट्रक. आमचं आमच्या वाटेनं चाललं, दहावी, बारावी, बी.ए. पेटीतले बहुतेक अंक एका दिवाळीच्या साफसफाईत भंगारात किलोवर गेले. आज त्या जुन्या अंकांना शौकीन लोक चांगली किंमत मोजतात. असो.

आता त्या वस्तीवरच्या बैठकीकडं परत येतो. भिंतीला टेकून हसली ती तीच. आम्ही तिला तेव्हा ओळखलं. तिनं आम्हाला आल्याआल्या ओळखलं असणार, पण बोलली नव्हती.

त्या दिवशी बैठकीत एक विषय होता. गटात बाराजणी, त्यातल्या चौघी ऊसतोडीला जाणाऱ्या. सचिवताईंचं म्हणणं, "वर्षातून सहा महिने ह्या नसतात. हजेरी लागत नाही, बचत थकते. ह्यांची नावं कमी करा." आणि सचिवताईंना वाईट म्हणायचं कारण नाही, बरं का. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि हिशोब ही पंचसूत्री आम्हीच तर तुम्हाला घोकायला लावतो. कर्ज देताना बँक हेच रजिस्टर तपासते. चौघींच्या कोऱ्या रकान्यांमुळं आठजणींचं कर्ज अडलं तर त्यांनी काय करायचं? त्यांचीही पेरणी असते, पोरांच्या फिया असतात.

रजिस्टर आमच्यापुढं होतं आणि पेन आमच्याच हातात. तिनं आमच्याकडं एकदा बघितलं.

आम्ही म्हटलं, आज नावं कमी होणार नाहीत, आधी बोलू. दोन तास गेले. चहा दोनदा झाला. एक म्हातारी कंटाळून उठून गेली. शेवटी असं ठरलं की चौघींनी जाण्याआधी उचलीतून दोन महिन्यांची बचत आगाऊ भरायची, बाकीची कारखान्यावरून फोननं सचिवताईंच्या खात्यावर पाठवायची आणि सचिवताईंनी त्याच दिवशी पावती लिहायची. हजेरीच्या रकान्यात गैरहजर न लिहिता ‘ऊसतोड’ असं लिहायचं. महिन्यातून एकदा बैठकीतून त्यांना फोन लावायचा, स्पीकरवर. ते सुचवलं तिनंच. म्हणाली, "तुम्ही काय ठरवता ते आम्हाला ऐकू तर येईल." बँकेचे साहेब ‘ऊसतोड’ हा शब्द मान्य करतील की नाही, ते आम्हाला अजून माहीत नाही. त्यांच्याकडं जाऊन बोलायचं आहे. नाही केला मान्य तर पुन्हा बसावं लागेल.

बैठक सुटल्यावर ती चपला घालता घालता म्हणाली, "तुमच्या त्या पेटीतलं काही राहिलंय का हो, ताई? पोरगी सहावीत आहे. औंदा तिला नेत नाही, हंगामी वसतिगृहात ठेवतेय. लई वाचते." आम्हाला ताई म्हणाली. एकाच वर्गातल्या आम्ही, वेण्या ओढलेल्या, आणि ताई. आम्ही तिला म्हणायला हवं होतं की त्या दिवशी आम्ही गप्प बसलो, तू विचारून नेला होतास. ते तोंडातून निघालं नाही. "बघते गं" एवढंच म्हटलं. म्हणून आज इथून सांगतोय. हा कार्यक्रम ती ऐकते, तिनंच सांगितलं. ऊस तोडताना मोबाइल झाडाला अडकवलेला असतो.

ऐकत असशील तर ऐक. पेटीतलं बाकी सगळं गेलं, पण तो एक अंक राहिला आहे. काल काढून पुसून ठेवला. वरचं प्लास्टिक तूच घातलेलं आहे, ते काढलं नाही. रविवारी वसतिगृहात पोरींना भेटायला देतात, तेव्हा तुझ्या लेकीच्या हातात देतो. आणि बारा रुपये आमच्याकडं आहेत तुझे.