शब्दांची घोकंपट्टी नको, ओळख हवी



मराठी माध्यमातून शिकलेला विद्यार्थी महाविद्यालयात येतो आणि क्रमिक पुस्तकाच्या पहिल्याच पानावर दहा-बारा अपरिचित इंग्रजी शब्द त्याची वाट अडवितात. विषय समजण्याची कुवत त्याच्यापाशी असते. तरीही वर्गात तो गप्प बसू लागतो. मग तो एक जाड वही आणतो, डावीकडे शब्द व उजवीकडे अर्थ लिहून पाठ करू लागतो. या मेहनतीविषयी मला आदर आहे. तिचे चीज व्हावे, एवढ्यासाठीच आज मी तीन गोष्टी सांगणार आहे.

पहिली गोष्ट अशी की, शब्दांनाही कुळ असते. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच उगमातून निघाल्या असाव्यात, असे सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे प्रतिपादन केले. इंग्रजीतील पुष्कळसे भारदस्त शब्द लॅटिन व ग्रीकमधूनच आलेले आहेत. म्हणून आपला 'दंत' तेथे 'डेंटिस्ट'मध्ये भेटतो, तीन दात असलेल्या 'ट्रायडेंट'मध्ये, म्हणजे त्रिशूळात भेटतो. कचेरीतून मालाची मागणी करताना आपण 'इंडेंट' पाठवितो, त्यातही तोच दात आहे. पूर्वी कराराच्या दोन प्रती एकाच कागदावर लिहून तो दातेरी रेषेत कापीत. पुढे दाते जुळले, की दस्तऐवज खरा ठरे. आता हा शब्द पाठ करण्याची गरज उरली काय? त्याचप्रमाणे 'व्हॉलंटरी' म्हणजे स्वेच्छेने केलेले, हे ज्याला ठाऊक आहे, त्याला 'बेनेव्होलंट' म्हणजे भले इच्छिणारा आणि 'मॅलेव्होलंट' म्हणजे वाईट चिंतणारा, हे सहज उमगेल.

दुसरी गोष्ट अर्थाच्या छटेची. 'फेमस' आणि 'नोटोरियस' या दोन्ही शब्दांत ख्याती आहे. परंतु एखाद्या थोर पुरुषाला 'नोटोरियस' म्हटले, तर गौरवाच्या जागी निंदा होईल. 'फ्रुगल' म्हणजे काटकसरी व 'मायझर्ली' म्हणजे कंजूष. हा भेद मराठीत आपण कधी चुकत नाही, कारण ते शब्द आपण माणसांच्या तोंडून, प्रसंगासह ऐकलेले असतात. तेव्हा वहीत नुसता अर्थ न लिहिता, ज्या वाक्यात शब्द भेटला ते वाक्य लिहावे आणि त्याखाली स्वतःचे एक वाक्य रचावे.

तिसरी गोष्ट उजळणीची. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवरील प्रयोगांतून दाखविले, की पाठ केलेले बरेचसे पहिल्या काही तासांतच विसरले जाते आणि अंतराअंतराने केलेली उजळणी अधिक टिकते. म्हणून एका रात्रीत शंभर शब्द घोकण्यापेक्षा रोज पाच शब्द घ्यावेत व दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने ते पुन्हा पाहावेत.

मित्रहो, मोल्सवर्थ हे परके गृहस्थ. परंतु मराठी पंडितांच्या साहाय्याने शब्द, वाक्प्रचार व म्हणी गोळा करून त्यांनी १८३१ साली आपल्या भाषेचा मोठा मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध केला. परभाषा शिकण्यात कमीपणा नाही, हाच त्याचा धडा. आपले मराठी हे या वाटेवरील ओझे नव्हे, शिदोरी आहे. ती सोबत घेऊन निर्धास्तपणे पुढे जा.