एक सत्र परमुलखात



अमेरिकेतील काही लहान कॉलेजांनी पर्यावरणाच्या शिक्षणासाठी ‘इको-लीग’ नावाचा संघ केला आहे. विद्यार्थी फी आपल्याच कॉलेजात भरतो आणि एक सत्र संघातील दुसऱ्या कॉलेजात शिकतो.

माझी भाची मेन राज्यात, समुद्रकाठच्या कॉलेज ऑफ द ॲटलांटिकमध्ये होती. तेथून ती ॲरिझोनातील प्रेस्कॉटला निघाली, तेव्हा “एकटी कशाला जातेस?” म्हणून अडवणारी मीच! परतल्यावर ती म्हणाली, “मावशी, पाण्याची किंमत मला कोरड्या मुलखात कळली.” मी निरुत्तर झाले.

याच संघातील ग्रीन माउंटन कॉलेज २०१९ मध्ये आणि नॉर्थलँड कॉलेज २०२५ मध्ये पैशांच्या ओढगस्तीने बंद पडले. उरलेली किती टिकतील, कोण जाणे! म्हणून सांगते, लेक जाते म्हणाली, तर माझ्यासारखे अडवू नका.