ट्रॅक्टरच्या रेडिएटरमध्ये कोणते पाणी घालावे?

(शेतकरी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



माझा विषय पिकांचा, यंत्रांचा नव्हे. तरीही आज इंजिनातील पाण्यावर बोलणार आहे. वाफशावर आलेली जमीन ट्रॅक्टर दुरुस्त होईपर्यंत थांबत नाही आणि लांबलेल्या पेरणीची भरपाई कोणत्याही खताने होत नाही. ऐन हंगामात इंजिन तापते, तेव्हा पुष्कळदा दोष पाण्यात असतो.

पाण्याचे काम काय?

डिझेल जळून निर्माण होणाऱ्या उष्णतेपैकी ढोबळमानाने १/३ भागच कामी येतो. साधारण तेवढीच उष्णता धुरावाटे जाते. उरलेली बहुतेक इंजिनाच्या धातूत उतरते. ती बाहेर काढली नाही तर ऑईल पातळ होते, पिस्टन प्रसरण पावून सिलिंडरमध्ये अडकतो आणि इंजिन सीझ होते. १ लीटर पाण्याचे तापमान १ अंश सेल्सिअसने वाढण्यास सुमारे १ किलोकॅलरी उष्णता लागते. म्हणजे थोडे पाणी पुष्कळ उष्णता वाहून नेते. हे पाणी सिलिंडरभोवती फिरून तापते, रेडिएटरमध्ये पंख्याच्या हवेने निवते आणि पुन्हा इंजिनात जाते.

बोअरचे पाणी का नको?

ठिबकच्या ड्रीपरवर चढणारा पांढरा थर आपण पाहिलाच आहे. जड पाण्यातील क्षारांचा हा थर पाणी तापले की अधिक वेगाने बसतो. इंजिनात तो सिलिंडरभोवती बसला की धातूची उष्णता पाण्यात उतरत नाही. रेडिएटरच्या बारीक नळ्याही त्याने चोंदतात. मात्र ठिबक संच आम्लाने धुतो म्हणून रेडिएटरमध्ये आम्ल ओतू नका. त्याने धातू आणि डाग दिलेले सांधे खाल्ले जातात.

बॅटरीसाठी मिळते ते डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट, पुस्तिकेत दिलेल्या प्रमाणात मिसळून वापरा. आपल्याकडे पाणी गोठत नाही, मग कूलंट कशाला, असे विचारले जाते. कूलंट गंज रोखते आणि पाण्याचा उत्कलनबिंदूही वाढवते. अडचणीत विहिरीचे पाणी घालावे लागले, तर काम संपताच ते काढून योग्य मिश्रण भरा. पुष्कळ कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असते. ते गोड पण विषारी असते. काढलेले कूलंट गोठ्याजवळ किंवा उघड्या भांड्यात ठेवू नका. मुलांनाही त्यापासून दूर ठेवा.

इंजिन तापल्यास

रेडिएटरचे टोपण कुकरच्या झाकणासारखे दाब धरून ठेवते. त्यामुळे आतले पाणी १०० अंशांवरही उकळत नाही. टोपण काढताच दाब जातो आणि उकळते पाणी तोंडावर उडते. म्हणून,

१) अवजार उचला, भार काढा, थोडा वेळ इंजिन मंद चालवून बंद करा. पाणीच संपले असेल किंवा पंख्याचा पट्टा तुटला असेल तर लगेच बंद करा.

२) रेडिएटर हाताला गार लागेपर्यंत टोपणाला हात लावू नका. नंतरही जाड फडके धरून हळूहळू सैल करा.

३) तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका. हेड किंवा ब्लॉकला तडा जातो.

रोजची पाहणी

सकाळी इंजिन गार असताना पाण्याची पातळी, होजपाईप व पट्ट्याचा ताण पाहा. मळणीच्या दिवसांत रेडिएटरच्या जाळीत भुसा अडकतो. इंजिन बंद करून तो पंख्याच्या बाजूने बाहेर, हलक्या हवेने काढा. ऑईल दुधाळ दिसल्यास किंवा पाण्यावर तेलाचा तवंग आल्यास इंजिन सुरू न करता मेकॅनिकला दाखवा.

बंधूंनो, बैलाला पाणी पाजताना आपण ते स्वच्छ आहे की नाही पाहतो. तीच काळजी ट्रॅक्टरची घ्या. पेरणीपूर्वी एकदा रेडिएटर तपासून घ्या, एवढीच विनंती.