विहीर बुजवली म्हणून पाप बुजतं का?

आज आम्ही गटातल्या बाया तुमच्याशी एका सिनेमावर बोलणार आहोत. सिनेमा भुताचा आहे, पण गोष्ट शेतजमिनीची आणि घरातल्या भांडणाची आहे. त्यामुळे ती आपल्याला लांबची वाटणार नाही.

सिनेमाचं नाव आहे '१९२२'. स्टीफन किंग नावाच्या अमेरिकन लेखकाच्या गोष्टीवरून झॅक हिल्डिच यांनी तो काढला आणि २०१७ साली तो नेटफ्लिक्सवर आला. इंग्रजी आम्हाला येत नाही. गटातल्या एकीची लेक कॉलेजात शिकते, ती शेजारी बसून सांगत गेली आणि आम्ही बघत गेलो. लहान मुलांना मात्र दाखवू नका. अंगावर काटा येईल अशी दृश्यं त्यात आहेत.

गोष्ट घडते अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात. मक्याचा मुलूख. जिकडे बघावं तिकडे पुरुषभर उंच मका. साल १९२२, म्हणजे तिथल्या बायांना देशभर मताचा हक्क मिळून दोनच वर्षं झालेली. विल्फ्रेड नावाचा शेतकरी, त्याची बायको आर्लेट आणि चौदा वर्षांचा मुलगा हेन्री, असं तिघांचं घर. आर्लेटला तिच्या वडिलांकडून शंभर एकर जमीन मिळालेली असते आणि ती तिच्याच नावावर असते. ती म्हणते, जमीन विकू, ओमाहा शहरात जाऊ, मी कपड्यांचं दुकान टाकीन. नवरा म्हणतो, मी माती सोडून कुठे येणार नाही.

इथं आमच्यात चांगलीच वादावादी झाली. काही जणी म्हणाल्या, त्याचं काय चुकलं? जमीन विकू नये, असं आपणही म्हणतोच की. खरं आहे. मातीवरची त्याची माया खोटी नाही. पण जमीन तिची होती. तिला नको असेल तर विकायचा हक्कही तिचाच. पटलं नाही तर भांडावं, वेगळं व्हावं, चार माणसांत बसून तोडगा काढावा. तो यातलं काही करत नाही. तो पोराचे कान भरायला लागतो.

मैत्रिणींनो, आम्हाला सगळ्यात भीतिदायक वाटलं ते हेच. अजून भूत आलेलं नाही, रक्त सांडलेलं नाही. बाप नुसता लेकाशी बोलतोय. शेजारच्या शॅननवर पोराचा जीव जडलाय, हे बापाला ठाऊक आहे. तुझी आई तुला शहरात नेईल, मग ती पोरगी तुला दिसायची नाही, असं तो पुन्हा पुन्हा त्याच्या मनावर ठसवतो. थेंब थेंब विष घालावं तसं. शेवटी एका रात्री दोघं मिळून तिला झोपेत मारतात आणि प्रेत घरामागच्या जुन्या विहिरीत टाकतात. पुढे विहीर बुजवायला निमित्त हवं, म्हणून बापलेक गोठ्यातली गाय त्या विहिरीत पाडतात. गाय पडली, आता विहीर बुजवलीच पाहिजे, असं लोकांना सांगायला मोकळे.

यानंतर आर्लेटची चौकशी करायला कोण येतं, हे नीट लक्षात घ्या. बहीण येत नाही, मैत्रीण येत नाही, शेजारीण येत नाही. येतो तो जमीन घेऊ पाहणाऱ्या कंपनीचा वकील. मग पोलिसांचा अधिकारी येतो, घर बघतो. नवरा सांगतो, बाई घर सोडून निघून गेली. ते ऐकणाऱ्याला पटतंसुद्धा! आम्ही सगळ्याजणी तिथं गप्प झालो. बाई पळून गेली, हे वाक्य किती चटकन खरं मानलं जातं, ते आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको.

आता भुताकडे येऊ. आपण म्हणतो ना, मन खातं. या सिनेमात ते मन उंदरांच्या रूपानं खातं. विहिरीत उंदीर, घरात उंदीर, भिंतीआड त्यांची कुरतड. एक उंदीर विल्फ्रेडच्या हाताला चावतो, ती जखम चिघळते आणि पुढे तो हातच कापावा लागतो. हिवाळ्यात बर्फ पडलेलं असतं, घरात तो एकटा असतो आणि मेलेली बायको त्याच्यासमोर येऊन उभी राहते. ती खरंच येते की त्याला तसं भासतं, हे सिनेमा सांगत नाही. पण त्याला घाबरवायला बाहेरच्या कुणाची गरज उरलेली नाही, एवढं कळतं.

आणि पोराचं काय होतं? ज्याला बापानं हाताशी धरलं, तो बापाजवळ राहत नाही. शॅननला दिवस जातात, तिचे वडील तिला लांब ठेवतात. हेन्री घर सोडतो, तिला घेऊन पळतो, चोऱ्या-दरोडे करतो. शेवटी दोघंही कोवळ्या वयात मरतात. जमिनीसाठी बायको मारली, ती जमीनही विल्फ्रेडच्या हाती राहत नाही. ज्या शहराच्या नावानं तो खडे फोडत होता, त्याच ओमाहात त्याला जावं लागतं. १९३० साली तिथल्या एका हॉटेलच्या खोलीत बसून तो आपला गुन्हा लिहून काढतो. सगळी गोष्ट आपण त्या कागदावरून ऐकतो. म्हणजे आर्लेट हट्टी होती, तोंडाळ होती, हे आपल्याला सांगतो कोण? तिला मारणारा! तिची बाजू सांगायला ती उरलेलीच नाही.

आम्ही म्हटलं, ही गोष्ट बघून नुसतं घाबरून उठायचं नाही. आपल्याकडे कायदा आपल्या बाजूनं आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं बाईला मिळालेल्या मालमत्तेची ती पूर्ण मालक असते. वडिलोपार्जित जमिनीत लेकीला लेकासारखा हक्क महाराष्ट्रानं १९९४ मध्ये दिला, तर २००५ मध्ये तो देशभर लागू झाला. याच वारसा कायद्यात असंही आहे, की खून करणाऱ्याला किंवा त्याला मदत करणाऱ्याला त्या मेलेल्या माणसाचा वारसा मिळत नाही.

पण कायदा जाग येईपर्यंत बाई जिवंत राहिली पाहिजे. ते काम आपलं आहे. तुमच्या नावावर जमीन असेल तर सातबारा स्वतः बघून घ्या. त्याची एक प्रत माहेरी किंवा भरवशाच्या मैत्रिणीकडे ठेवा. हक्कसोडपत्रावर कुणी घाईघाईनं अंगठा मागत असेल, तर आधी गटात येऊन सांगा. घरात धमकीची भाषा सुरू झाली, किंवा मुलांना तुमच्याविरुद्ध उभं केलं जातंय असं दिसलं, तर ते पोटात ठेवू नका. महिला हेल्पलाइन १८१ आहे, तातडीची मदत हवी असेल तर ११२ आहे.

आणि गटातल्या बाकीच्यांनी एवढं करायचं. एखादी बाई दोन बैठकांना आली नाही, तर तिच्या घरी जायचं. ती माहेरी गेली असं सांगितलं, तर माहेरी फोन लावायचा. कुणाला राग आला तरी चालेल. आर्लेटच्या दारात असं विचारणारी एक जरी बाई गेली असती, तर विल्फ्रेडला सुरी उचलताना शंभरदा विचार करावा लागला असता.

तुमच्या गटात यावर काय बोलणं होतंय ते आम्हाला जरूर कळवा.