चिंधी फुकट असेल, हात फुकट नाही



मला ‘टाकाऊतून टिकाऊ’ या विषयावर बोलायला सांगितलं आहे. हे शब्द ऐकले की लोक कौतुक करतात आणि विषय तिथेच संपतो. चिंधीचं काय बनतं हे मी सांगेनच, पण ती शिवणाऱ्या बाईच्या हातात काय पडतं, हेही आज बोलू या.

मी सोलापूरची. आमच्याकडे शाळेच्या गणवेशांची शिलाई मोठ्या प्रमाणावर चालते. कापणीच्या टेबलाखाली निळ्या, खाकी, चौकड्यांच्या पट्ट्या पडतात. तळहाताएवढा तुकडा आमच्यासाठी मोठाच; दोन बोटं रुंदीची पट्टीही चालते. त्यातून मी आणि गल्लीतल्या बायका आसनं, पिशव्या, उशांचे अभ्रे, गरम भांडी धरायच्या छोट्या गाद्या शिवतो. मराठीत गोधडी म्हणा, वाकळ म्हणा, आमच्या घरात म्हणतात तशी गुदडी म्हणा. काम तेच.

शिकायचं असेल तर आधी कापड ओळखायला शिका. एक धागा ओढून जाळून बघा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि त्याची राख होते. टेरिकॉटचा वितळतो आणि त्याची कडक गोळी होते. म्हणून भांडी धरायच्या गादीत फक्त सुती कापड घालायचं; नाहीतर गरम पातेल्याला चिकटेल आणि हात भाजेल. गणवेशाचं टेरिकॉट आसनाला, पिशवीला उत्तम. तुकडे आधी धुवायचे, म्हणजे आटायचं ते आटतं आणि कच्चा रंग कळतो. मग इस्त्री. पाव इंच दाब ठेवून पट्ट्या जोडायच्या. वर जोडकापड, मध्ये जुन्या टॉवेलचे दोन थर, खाली अस्तर. मशीनवर शिवताना मधून कडेकडे जायचं, म्हणजे आतलं कापड गोळा होत नाही. शेवटी चारी बाजूंनी गोट.

आता माझ्या वहीतला हिशोब ऐका. आठ इंची गादीला तुकडे निवडण्यापासून गोट लावेपर्यंत पाऊण तास लागतो. तासाला ६० रुपये मजुरी धरली तर ४५ रुपये झाले. दोरा, अस्तर, आतला थर १० रुपये. वीज आणि मशीनची देखभाल ५ रुपये. एकूण ६० रुपये. व्यापारी म्हणतो, “चिंधी तर फुकटची आहे, २५ घ्या.” त्यातून १५ रुपयांचा खर्च गेला की उरतात १० रुपये. म्हणजे तासाला साधारण १३ रुपये. आणि बाई हो म्हणते, कारण पाऊण तासाला किंमत असते, हे तिला आजवर कुणी सांगितलेलं नसतं.

फकिराच्या गुदडीला आपल्याकडे मान आहे. महाराष्ट्राने गाडगेबाबांना प्रेमाने गोधडेबाबा म्हटलं. गोधडी पांघरणाऱ्याचं नाव आपण लक्षात ठेवलं; शिवणारीचं कधी विचारलं का?

या प्रश्नावर एक मोठी लढाई आपल्या शेजारच्या राज्यात झाली आहे. अहमदाबादच्या दरियापूर भागात मुस्लिम बायका व्यापाऱ्याकडून गिरणीच्या चिंध्या आणून घरी रजईच्या खोळी शिवत. दर व्यापारीच ठरवायचा. १९७२ मध्ये इला भट्ट यांनी ‘सेवा’ ही कष्टकरी बायकांची संघटना काढली. नोंदणीच्या वेळी अडचण आली ती हीच, की या बायकांना ठरावीक मालक नाही, मग युनियन कशी? त्यांचं म्हणणं होतं, युनियन मालकाविरुद्ध असायलाच हवी असं नाही, ती कामगारांच्या एकीसाठी असते. नोंदणी झाली. पुढे चिंधीवाल्या बायका संघटित झाल्या, त्यांनी दर वाढवून मागितला. व्यापाऱ्यांनी काम द्यायचं बंद केलं. तेव्हा त्यांनी थेट गिरणीतून चिंधी घेतली, खोळी शिवल्या, स्वतः विकल्या. त्यातून ‘सबीना’ ही त्यांची सहकारी संस्था उभी राहिली.

आपल्या मोहल्ल्यात काय म्हणतात? “बाहेर जात नाही, घरात बसून चार पैसे कमावते, इज्जतीचं काम आहे.” मला यातल्या ‘बसून’ या शब्दाचा राग येतो. पाठ दुखते, डोळे जातात, आणि आपण म्हणतो बसून! परदा असो नसो, हा ज्या त्या बाईचा प्रश्न. पण घराच्या भिंतीआड केलेलं काम म्हणजे काम नव्हे, हे आपण कबूल करायचं नाही. कायदाही तसं म्हणत नाही. २००८ च्या असंघटित कामगार सामाजिक सुरक्षा कायद्यात घरी राहून काम करणाऱ्या कामगाराची व्याख्या दिलेली होती. २०२१ मध्ये ई-श्रम पोर्टल सुरू झालं. असंघटित कामगाराला तिथे मोफत नोंदणी करता येते. त्या कार्डाने दर वाढणार नाही, हे खरं. पण सरकारी कागदावर आपली अम्मी ‘गृहिणी’ऐवजी ‘कामगार’ होते. मोजलंच नाही तर मागायचं कशाच्या जोरावर?

तुम्ही शिकलेली मुलं आहात, मोबाइल तुमच्या हातात आहे. म्हणून चार कामं सांगते. घरात जी कुणी शिवते, अम्मी, खाला, भाभी, तिच्याजवळ वही घेऊन बसा आणि एका नगाला किती वेळ लागतो ते लिहा. व्यापाऱ्याकडून दर कागदावर घ्या. गल्लीतल्या पाचजणींनी मिळून एकच दर सांगायचा, त्याखाली कुणी जायचं नाही. आणि भावांनो, माल पोचवायला जरूर जा. पण पैसे तिच्याच खात्यात जमा झाले पाहिजेत.

चहानंतर मागच्या टेबलावर कापड, सुया, कात्र्या मांडल्या आहेत. मुलांनीही यायचं आहे. पाऊण तास सुई धरून बघा, मग दर आपोआप कळेल.