बिल भरण्याआधी

औषधाचा खर्च विमा देणार नाही असं कळलं, की पुष्कळ घरांत गुपचूप काटकसर सुरू होते. रोजची गोळी दिवसाआड घेतली जाते. महिन्याचं पाकीट दीड महिना पुरवलं जातं. इंजेक्शनची तारीख ‘पुढच्या पगाराला बघू’ म्हणत सरकत राहते. डॉक्टरांना हे सांगायची लाज वाटते आणि मुलांना सांगवत नाही, कारण त्यांच्याही डोक्यावर हप्ते असतात. मी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात काम करते. आमच्याकडे माणसं येतात ती बहुतेक वेळा हे सगळं होऊन गेल्यावर, दागिना मोडून आणि उसनवारी करून झाल्यावर. तोवर आमचेही हात बांधले जातात. औषधासाठी मदत मिळते हे खरं आहे, पण ती जवळजवळ सगळीकडे बिल भरण्याआधी मागावी लागते. भरलेले पैसे परत देणारे निधी फार थोडे आहेत. आज माझं सगळं बोलणं या एका गोष्टीभोवती आहे.

आधी विम्याचंच बघू. आपल्याकडचा आरोग्य विमा मुळात रुग्णालयात दाखल होण्यावर उभा आहे. मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या, संधिवाताच्या रोजच्या गोळ्या साध्या पॉलिसीत बसत नाहीत. याला ठळक अपवाद म्हणजे कर्मचारी राज्य विमा, ज्याला आपण ईएसआय म्हणतो. ज्यांचा पगार महिना २१ हजारांपर्यंत आहे आणि पगारातून ईएसआयची रक्कम कापली जाते, त्यांना आणि त्यांच्या कुटुंबाला दवाखान्यातून बाह्यरुग्ण म्हणूनही औषधं मिळतात. कारखान्यात, मॉलमध्ये, सुरक्षारक्षक म्हणून काम करणारी किती तरी माणसं दर महिन्याला ही रक्कम भरतात आणि औषधं मात्र कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून पूर्ण पैसे मोजून घेतात. आपली पगाराची पावती एकदा नीट बघा.

साध्या पॉलिसीतही एक कलम लोक वापरतच नाहीत. दाखल होण्याआधीचे साधारण ३० दिवस आणि घरी आल्यानंतरचे ६० दिवस, काही पॉलिसींत त्याहून जास्त, त्या आजारासाठी लागलेली औषधं विम्यात धरली जातात. कॅशलेस मंजूर झालं की माणूस सुटकेचा श्वास टाकतो आणि नंतरची बिलं डब्यात पडून राहतात. ती वेगळी पाठवावी लागतात. औषधाचं नाव डिस्चार्ज कार्डावर किंवा नंतरच्या चिठ्ठीवर असायला हवं, आणि प्रत्येक बिलासोबत ती चिठ्ठी जोडायला हवी.

कर्करोगाच्या औषधांबद्दल थोडं थांबून सांगते. विमा नियामक प्राधिकरणाच्या नियमांनुसार १ ऑक्टोबर २०२० पासून बारा आधुनिक उपचार पॉलिसीतून सरसकट वगळता येत नाहीत. पोटातून घ्यायची केमोथेरपी, मोनोक्लोनल अँटिबॉडीची इंजेक्शनं आणि डोळ्यात द्यायची इंजेक्शनं या यादीत आहेत. कंपनी त्यांच्यावर रकमेची मर्यादा घालू शकते आणि बऱ्याचदा घालते. शिवाय हा उपचार दाखल होऊन, डे केअरमध्ये किंवा घरी राहून घ्यायच्या रुग्णालयीन उपचाराच्या स्वरूपात झालेला असावा लागतो. त्यामुळे ‘केमोची गोळी आमच्याकडे चालतच नाही’ असं फोनवर सांगितलं गेलं, तर ते मान्य करून फोन ठेवू नका. पॉलिसीचं कलम मागा. आणि एक विनंती अगदी मनापासून करते. ‘एक रात्र दाखल होऊन जा, विम्यात बसवू’ असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. दाखल होण्याची गरजच नव्हती, या कारणावरून असे दावे फेटाळले जातात. मग औषधाच्या जोडीला खोलीचं बिलही तुमच्याच अंगावर येतं आणि पुढच्या खऱ्या दाव्याकडेही संशयानं पाहिलं जातं.

दावा नाकारला, तर नकार लेखी घ्या. त्यात कोणत्या कलमाखाली नाकारला हे असलं पाहिजे. कारणाप्रमाणे पुढची वाट बदलते. आधीपासूनच्या आजाराची प्रतीक्षा संपलेली नाही असं म्हटलं असेल, तर पॉलिसी कधी घेतली ते तपासा. २०२४ पासून ही प्रतीक्षा जास्तीत जास्त तीन वर्षांचीच ठेवता येते. आजार लपवला असा ठपका असेल आणि पॉलिसी सलग पाच वर्षं चालू असेल, तर फसवणूक सिद्ध केल्याशिवाय कंपनीला तो मुद्दा काढता येत नाही. औषध प्रायोगिक आहे किंवा अनावश्यक आहे असं म्हटलं असेल, तर डॉक्टरांचं पत्र कामाला येतं. त्या पत्रात हे औषध का, आधी काय देऊन पाहिलं आणि त्याचा उपयोग का झाला नाही, एवढं तरी हवं. ‘रुग्णाला औषधाची गरज आहे’ या एका ओळीनं काही होत नाही.

हे पत्र जोडून आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत. गोव्यातल्या श्रोत्यांसाठी मुंबईचं. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे वाद तिथे चालतात, आणि लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. अंतिम नकारापासून एका वर्षाच्या आत मात्र जायला हवं. घरात आजारपण असताना वर्ष कधी सरतं ते कळतही नाही, म्हणून नकाराच्या पत्रावर तारीख लाल शाईनं लिहून ठेवा.

हे चालू असताना औषध थांबवून चालत नाही. म्हणून दुसरा प्रश्न लगेच विचारायचा: हेच औषध कमी पैशांत मिळेल का? हा प्रश्न डॉक्टरांना विचारण्यात काहीही गैर नाही.

याचा एक मोठा दाखला आपल्या मुंबईशी जोडलेला आहे. रक्ताच्या एका कर्करोगावर, ज्याला सीएमएल म्हणतात, इमॅटिनिब नावाची गोळी आली. ग्लिव्हेक या मूळ नावानं तिचा महिन्याचा खर्च सव्वा लाखाच्या घरात होता. ही गोळी रोज आणि वर्षानुवर्षं घ्यायची असते. तिच्या पेटंटच्या एकाधिकाराला ज्यांनी विरोध केला, त्यांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही रुग्णांची संस्थाही होती. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तो एकाधिकार नाकारला. भारतीय कंपन्यांची तीच गोळी दहा हजारांच्या आत मिळत होती, ती मिळत राहिली. त्याच्या आदल्या वर्षी, मार्च २०१२ मध्ये, सोराफेनिब या मूत्रपिंडाच्या आणि यकृताच्या कर्करोगावरच्या औषधासाठी देशातला पहिला सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंट असलेल्या कंपनीच्या संमतीशिवाय तेच औषध बनवण्याची दुसऱ्या कंपनीला परवानगी, दिला गेला. महिन्याचा खर्च दोन लाख ऐंशी हजारांवरून ८,८०० रुपयांवर आला. रुग्णांच्या बाजूनं कुणीतरी भांडलं म्हणून ही औषधं आज सामान्य घरांच्या आवाक्यात आहेत. याबद्दल मला फार कृतज्ञता वाटते.

रोजच्या गोळ्यांचंही असंच आहे. मधुमेहावरच्या एम्पाग्लिफ्लोझिनचं पेटंट मार्च २०२५ मध्ये संपलं आणि साठ रुपयांच्या आसपासची गोळी दहा-पंधरा रुपयांतही मिळू लागली. पण ज्यांची चिठ्ठी जुनीच आहे, ते अजूनही जुन्या नावाची महागडी गोळी घेत असतील. म्हणून वर्षातून एकदा डॉक्टरांना विचारा, यातल्या कशाला आता स्वस्त पर्याय आला आहे का. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या आणि जनऔषधी केंद्रात दाखवा. देशात अशी पंधरा हजारांहून जास्त केंद्रं आहेत आणि तिथे किमती बाजारापेक्षा निम्म्यानं किंवा त्याहूनही कमी असतात. मात्र फिट्सची, थायरॉइडची आणि अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधं डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका. तिथे थोडासा फरकही महागात पडतो. महागड्या इंजेक्शनसाठी दोन-तीन ठिकाणी भाव विचारा. छापील किंमत आणि विक्रीची किंमत यांत कधी कधी फार मोठं अंतर असतं, आणि रुग्णालयाच्याच मेडिकलमधून औषध घ्या अशी सक्ती तुमच्यावर करता येत नाही. क्षयरोग, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी यांची औषधं तर सरकारी कार्यक्रमातून मोफत मिळतात. त्यांसाठी कर्ज काढू नका.

ज्या औषधाला स्वस्त पर्यायच नाही, त्यासाठी तिसरी वाट आहे. अनेक औषध कंपन्या रुग्ण सहाय्य कार्यक्रम चालवतात. ठरावीक डोस विकत घेतले की पुढचे मोफत, किंवा उत्पन्न पाहून सगळेच मोफत. याची जाहिरात होत नाही. नोंदणी उपचार करणाऱ्या डॉक्टरांमार्फत होते आणि ती पहिल्या डोसच्या आधी व्हावी लागते. मध्येच लक्षात आलं तर आधी घेतलेले डोस मोजले जातीलच असं नाही. बिलं जपून ठेवा, आणि औषधाचे रिकामे खोकेही. काही ठिकाणी तेही मागतात.

आता सरकारी मदत. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आता महाराष्ट्रातल्या सगळ्या रहिवाशांसाठी आहे, पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांसाठीसुद्धा. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. केमोथेरपीचे बरेच उपचार त्यात आहेत. खासगी विम्यानं हात वर केले म्हणून ही योजना तुमच्यासाठी बंद होत नाही. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. दाखल होण्याआधी, पैसे भरण्याआधी त्यांच्याशी बोला. घरी वर्षभर घ्यायच्या गोळ्यांचा खर्च मात्र ही योजना देत नाही.

मुख्यमंत्री सहाय्यता निधीतून ठरावीक गंभीर आजारांसाठी दोन लाखांपर्यंत मदत होते. वार्षिक उत्पन्न एक लाख साठ हजारांच्या आत असावं लागतं. उपचार चालू असताना अर्ज करायचा आणि पैसे थेट रुग्णालयाच्या खात्यात जातात. खर्च करून मग पावत्या जोडल्या तर उपयोग होत नाही. जिल्हाधिकारी कार्यालयात यासाठी कक्ष आहेत. एजंटाला एक रुपयाही देऊ नका. दुर्मिळ आजारांसाठी केंद्राचं वेगळं धोरण आहे. त्यात नेमलेल्या केंद्रांतून ५० लाखांपर्यंतचे उपचार मिळू शकतात आणि मुंबईचं केईएम रुग्णालय त्यांपैकी एक आहे.

आणि धर्मादाय रुग्णालयं. मोठमोठ्या, काचेच्या दारांच्या रुग्णालयांपैकी कित्येक कागदोपत्री सार्वजनिक न्यास आहेत. मुंबई उच्च न्यायालयानं २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार त्यांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या असतात. वर्षाला एक लाख ऐंशी हजारांपर्यंत उत्पन्न असलेली माणसं निर्धन गटात येतात आणि तीन लाख साठ हजारांपर्यंतची दुर्बल घटकात. रुग्णालयानं एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकायची असते आणि गरीब रुग्णांचा खर्च त्यातून भागवायचा असतो. औषधं छापील किमतीनं नव्हे, खरेदीच्या किमतीनं धरायची असतात. हे उपकार नाहीत. सार्वजनिक न्यास म्हणून ज्या सवलती मिळतात, त्यांच्यासोबत आलेलं हे कायद्याचं बंधन आहे. तिथल्या समाजसेवकाला भेटा, लेखी अर्ज द्या, पोच घ्या. ‘खाटा शिल्लक नाहीत’ असं तोंडी उत्तर मिळालं तर जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयाकडे तक्रार करा.

या सगळ्यासाठी एक फाइल आजच तयार करा. आधारकार्ड, रेशनकार्ड, तहसीलदारांचा चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला, निदानाचे रिपोर्ट, डॉक्टरांची चिठ्ठी, रुग्णालयाच्या सही-शिक्क्याचं खर्चाचं अंदाजपत्रक आणि विम्याच्या नकाराचं पत्र. उत्पन्नाच्या दाखल्याला दिवस लागतात, म्हणून तो अर्ज सगळ्यांत आधी. प्रत्येक कागदाच्या पाच-सहा झेरॉक्स काढा आणि मूळ प्रत कुणालाही देऊ नका. रुग्णांना मदत देणाऱ्या ट्रस्टांचे अर्ज रुग्णालयाचा समाजसेवा विभाग भरून देतो. कोणता ट्रस्ट कोणत्या आजाराला आणि साधारण किती देतो, हे तिथल्या माणसांना ठाऊक असतं. एकाच ट्रस्टकडे सगळी रक्कम मागण्यापेक्षा तीन-चार ठिकाणी थोडी थोडी मागितली तर ती लवकर जमते, असा माझा अनुभव आहे.

ज्यांच्या हाताशी कागद-पेन आहे त्यांनी तीन क्रमांक लिहून घ्यावेत. महात्मा फुले योजनेसाठी एक-पाच-पाच-तीन-आठ-आठ. आयुष्मान भारत योजनेसाठी एक-चार-पाच-पाच-पाच. सत्तरी ओलांडलेल्या कुणालाही उत्पन्नाची अट न लावता या योजनेचं कार्ड काढता येतं. आणि विमा कंपनीविरुद्ध तक्रारीसाठी नियामक प्राधिकरणाचा एक-पाच-पाच-दोन-पाच-पाच. पुन्हा सांगते: १५५३८८, १४५५५ आणि १५५२५५.