माहितीच्या राखणदाराचा अर्ज

गोंदिया जिल्ह्यांत पावसाळा तोंडावर आला कीं मामा तलावांच्या पाळीकडे विशेष लक्ष द्यावें लागतें. पाळीला उंदराचें अगर खेकड्याचें बीळ पडलें असेल तर तें वेळींच बुजवलेलें बरें. कारण मृगाच्या पावसांत बोटभर दिसणारें छिद्र पुढें तलाव भरल्यावर पाळ फोडतें, आणि खालच्या बांध्यांतील धान पाण्याखालीं जातें. समजा, अशा तलावाच्या राखणीसाठीं गांवकऱ्यांकडे दोन माणसें आलीं. पहिला म्हणाला, "जलव्यवस्थेच्या शास्त्रांत मी निष्णात आहें, कष्टाळू आहें, पडेल तें काम करीन." दुसरा म्हणाला, "गेल्या वर्षीं शेजारच्या तलावाची पाळ मीं दर आठवड्याला फिरून पाहिली. तीन बिळें सांपडलीं, तीं बुजवलीं, आणि उन्हाळ्यापर्यंत पाणी टिकलें." गांवकरी यांपैकीं कोणास ठेवतील, हें सांगावयास नको.

माहितीसुरक्षेच्या नोकरीसाठीं जें परिचयपत्रक पाठवावयाचें, ज्यास कोणी रेझ्युमे म्हणतात तर कोणी बायोडेटा, त्याचें सारें मर्म या दोन उत्तरांत आहे. १ मे १९९९ रोजीं भंडारा जिल्ह्यांतून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याची ओळख धानाची, भातगिरण्यांची आणि बिडीपत्त्याची. परंतु आतां गिरणीचा हिशेब, बँकेचें खातें, रुग्णालयांतील कागद आणि तिरोड्याचें ३,३०० मेगावॉटचें औष्णिक वीजकेंद्र, हें सर्व संगणकाच्या आधारानें चालतें. जेथें संगणक तेथें त्याच्या राखणीची गरज; म्हणूनच गोंदियांत शिकलेलीं मुलें या कामाच्या शोधांत नागपूर, पुणें, मुंबईकडे अर्ज पाठवितात. त्यांतील पुष्कळांस उत्तरच येत नाहीं. याचें कारण नेहमींच ज्ञानाची उणीव हें नसतें. पुष्कळदां ज्ञान असतें, पण पहिल्या माणसासारखें बोलल्यामुळें तें कोणास दिसत नाहीं.

अशा जागेसाठीं माणूस निवडणाऱ्याला भीति कशाची असते, हें आधीं समजून घेतलें पाहिजे. पुण्याच्या कॉसमॉस बँकेचें उदाहरण सर्वांच्या स्मरणांत असेल. ११ ऑगस्ट २०१८ रोजीं, शनिवारीं, कांहीं तासांच्या अवधींत अठ्ठावीस देशांतील ए. टी. एम. यंत्रांतून या बँकेचे पैसे निघाले. १३ तारखेस आणखी एक मोठी रक्कम हाँगकाँगकडे वळविली गेली. एकूण हानि सुमारें चौऱ्याण्णव कोटि रुपयांची झाली. विशेष हें कीं, यांत तिजोरी कोणीं फोडली नाहीं. पैसे देण्यापूर्वीं यंत्र बँकेस विचारतें, "देऊं काय?" त्या दिवशीं या प्रश्नाला बँकेऐवजीं एका तोतया यंत्रणेनें "होय" असें उत्तर दिलें. या धंद्यांतील मोठें भय तोतयाचें आहे. म्हणून जो माणूस राखणदार होऊं पाहतो तो स्वतः तोतया नाहीं ना, हें त्याच्या कागदावरून प्रथम पाहिलें जातें. येथें अर्ज ही परीक्षेची केवळ पूर्वतयारी नसून पहिली परीक्षाच असते.

ही परीक्षा पहिल्या ओळीपासूनच सुरू होते. आपल्याकडील जुन्या पद्धतीच्या बायोडेट्यांत वडिलांचें नांव, जन्मतारीख, जात, विवाहित कीं अविवाहित, घराचा पूर्ण पत्ता, आणि हल्लीं तर आधार क्रमांकहि असतो. दुसऱ्यांची माहिती जपण्याची नोकरी मागणाऱ्यानें स्वतःची माहिती अशी उघड्यावर टाकावी, यांत विसंगति आहे. नांव, दूरध्वनि, साधा व सभ्य असा ई-मेलचा पत्ता, आणि राहण्याचें शहर एवढें पुरे. बाकीचे कागद निवड झाल्यावर मागतील तेव्हां द्यावे.

दुसरी गोष्ट जाहिरात वाचण्याची. माहितीसुरक्षा हें एकच काम नव्हे. कोणी सुरक्षा पाहणी केंद्रांत रात्रपाळी करून यंत्रांच्या नोंदी तपासतो. कोणी मालकाच्या परवानगीनें यंत्रणेवर चाल करून तिचीं कच्चीं स्थळें शोधतो. कोणी नियमांप्रमाणें कारभार चालला आहे कीं नाहीं याचें लेखापरीक्षण करितो. तर कोणी गुन्हा घडल्यावर संगणकांतील पुरावा जमवितो. एकच पत्रक चौघांकडे धाडणें म्हणजे एकाच मापाचा सदरा चौघां भावांना शिवण्यासारखें आहे. सुमारें १४८२ सालीं लिओनार्दो द व्हिंची यानें मिलानचा सत्ताधीश लुडोविको स्फोर्झा याच्यासाठीं एक पत्र तयार केलें. त्यांत त्यानें पूल, वेढ्याचीं साधनें आणि तोफा यांविषयींचें आपलें ज्ञान क्रमवार मांडलें, आणि चित्रकलेचा उल्लेख अगदीं शेवटीं केला. लुडोविकोची गरज युद्धाची होती, हें तो ओळखून होता. आपल्याला काय आवडतें यापेक्षां समोरच्याला काय हवें आहे, तें अर्जांत आधीं यावें.

आतां वाक्यांकडे वळूं. "नेटवर्क सुरक्षेचें उत्तम ज्ञान" हें वाक्य पहिल्या माणसाचें आहे. त्याच मुलानें जर असें लिहिलें: "महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेंतील संगणकांची यादी केली, ज्यांत जुन्या, दुरुस्त न झालेल्या प्रणाली होत्या ते संगणक वेगळे काढले, प्राध्यापकांच्या अनुमतीनें त्या प्रणाली अद्ययावत् केल्या आणि काय केलें त्याची टिपणवही ठेवली," तर तें वाक्य दुसऱ्या माणसाचें होतें. काय होतें, काय केलें, त्याचा परिणाम काय झाला, हे तीन प्रश्न प्रत्येक ओळीला विचारावे. जी ओळ उत्तर देत नाहीं ती खोडावी. संख्या खरी असेल तर अवश्य द्यावी. नसेल तर शोभेसाठीं घालूं नये.

येथें कोणी म्हणेल, ज्यानें अजून नोकरीच केली नाहीं त्यानें काय लिहावें? आमगांव किंवा देवरीसारख्या ठिकाणीं राहणाऱ्या मुलीचें उदाहरण घ्या. तिच्याजवळ एक जुना लॅपटॉप आहे. त्यांत आभासी संगणक उभे करून, एकावरून दुसऱ्यावर चाल कशी होते आणि तिच्या खुणा नोंदींत कशा उमटतात, हें तिला घरीं बसून पाहतां येतें. त्यासाठीं लागणारी काली लिनक्स, वायरशार्क यांसारखीं साधनें विनामूल्य मिळतात. पाहिलेलें तिनें दोन पानांत नीट लिहून ठेवलें तर तोच तिचा अनुभव. एखाद्यानें भातगिरणीच्या कचेरींत हिशेबाचें काम केलें असेल, रोज संध्याकाळीं हिशेबाची दुसरी प्रत काढून ती वेगळी ठेवली असेल, नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा पासवर्ड त्याच दिवशीं बंद केला असेल, तर तेंहि माहितीसुरक्षेचेंच काम आहे. तें सांगण्यास लाजूं नये.

मात्र परवानगीची मर्यादा विसरूं नये. कांहीं तरुण आपण अमुक संस्थेचें संकेतस्थळ कसें फोडलें हें मोठ्या अभिमानानें लिहितात. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याप्रमाणें परवानगीवांचून दुसऱ्याच्या संगणकांत शिरल्यास नुकसानभरपाईची जबाबदारी येते. आणि तेंच कृत्य अप्रामाणिक हेतूनें केलेलें असेल तर तीन वर्षांपर्यंत कैद, पांच लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. असें पत्रक म्हणजे स्वहस्ताक्षरांतील कबुलीजबाबच होय. त्याचप्रमाणें पूर्वीच्या मालकाकडे कोणतें छिद्र होतें, कोणती यंत्रणा दुर्बळ होती, हेंहि नांवानिशीं लिहूं नये. आज जो जुन्या घरचें गुपित सांगतो तो उद्यां नव्या घरचें सांगेल, असाच विचार वाचणारा करितो.

प्रमाणपत्रांच्या बाबतींतहि हाच विवेक हवा. सिक्युरिटी प्लस ही परीक्षा नवशिक्यास देतां येते, परंतु सी. आय. एस. एस. पी. या मान्यवर प्रमाणपत्रासाठीं परीक्षेखेरीज सामान्यतः पांच वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. नुकत्याच पदवीधर झालेल्या मुलाच्या पत्रकांत तें नांव दिसलें कीं जाणकाराच्या भुवया उंचावतात. अभ्यास चालू असेल तर "अभ्यास चालू आहे" असेंच लिहावें. त्यांत कमीपणा नाहीं.

बाह्य रूपाविषयीं थोडक्यांत. नव्या उमेदवारास एक पान पुरे होतें. मोठ्या कचेऱ्यांत अर्ज पुष्कळदां प्रथम संगणकच चाळतो. म्हणून साधी मांडणी असावी, आणि जाहिरातींतील जे शब्द आपणांस खरोखर लागू आहेत ते त्याच रूपांत यावे. चित्रें, रंगीत चौकटी व दहापैकीं आठ असे स्वतःलाच दिलेले गुण टाळावे. पत्रक पी. डी. एफ. रूपांत पाठवावें. अर्जाच्या मिषानें घातक प्रणाली दडविलेल्या फायली पाठविण्याची युक्ति चोरटे वापरतात; त्यामुळें संशयास्पद फाईल या खात्यांत उघडलीहि जात नाहीं. शुद्धलेखनहि येथें गौण नाहीं. 'सर्ट-इन' या केंद्रीय संस्थेनें २८ एप्रिल २०२२ रोजीं काढलेल्या निर्देशांप्रमाणें ठराविक प्रकारच्या सायबर घटनांची वर्दी सहा तासांच्या आंत द्यावी लागते. ज्याला स्वतःविषयीं एक पान सुबोध लिहितां येत नाहीं, तो अपरात्रीं, गोंधळाच्या घटकेस, अशी वर्दी काय लिहील?

आतां शेवटचा आणि सर्वांत अवघड मुद्दा. धान विकून आलेल्या पैशांवर ज्याचें शिक्षण झालें, ज्याचा धाकटा भाऊ अजून शाळेंत आहे, आणि ज्याचे वीस अर्ज निरुत्तर राहिले आहेत, त्याच्याजवळ कोणीतरी येऊन म्हणतो, "थोडे पैसे दे, दोन वर्षांच्या अनुभवाचा दाखला मिळवून देतों." त्या घडीचा मोह समजण्यासारखा आहे, त्यास हंसण्याचें कारण नाहीं. परंतु कंपन्या दाखले पडताळून पाहतात. आणि इतर धंद्यांत जें असत्य कदाचित् पोटांत घातलें जाईल, तें येथें दारच बंद करितें. नोकरी मिळून वर्षभरानें तें उघड झालें तर जाणारी केवळ नोकरी नसते. या धंद्याचें भांडवल जो विश्वास, तोच जातो. घरच्या वडील मंडळींनींहि अशा वेळीं "शेजारच्याचा मुलगा लागला, तूं कां नाहीं?" असें म्हणून त्या मोहाला धार लावूं नये. त्यापेक्षां त्याचें पत्रक हातीं घेऊन प्रत्येक ओळीपुढें "हें खरें ना? हें दाखवितां येईल ना?" असें विचारावें. त्यास संगणकशास्त्र येण्याची गरज नाहीं.

शिवकालीन पत्रांत मजकूर संपतांच मर्यादामुद्रा उमटवीत असत. पत्र येथें संपलें, याच्या पुढें कोणी अक्षर वाढविलें तर तें आमचें नव्हे, असा तिचा अर्थ. माहिती निर्भेळ राखण्याची ही आपल्याच घरची रीत आहे. परिचयपत्रक लिहून झाल्यावर तरुणानें मनाशीं तशीच एक मुद्रा उमटवावी: जेथें केलेलें काम संपतें तेथें लेखणीहि थांबली पाहिजे. ज्याला ही मर्यादा राखतां येते, त्याच्या हातीं दुसऱ्याची तिजोरी देण्यास कोणी कचरणार नाहीं.